एक तारखेपासून म्हणे!

'एक तारखेपासून हायवेवर पोलीस कडक होणार' हा मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. तारीख बदलते, दंडाचा आकडा बदलतो, खाली सहीला असलेल्या मोठ्या साहेबांचा हुद्दा बदलतो. बाकी मजकूर तोच. कधी शंभरच्या वर काटा एक घर जरी गेला तरी परवाना रद्द, कधी दंड पाच हजार, कधी थेट वीस हजार. शेवटी 'सर्व ग्रुपवर पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील' अशी विनंती. आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर हा मेसेज जुम्याच्या नमाजनंतर पडला, तर असरपर्यंत चार ग्रुप फिरून पुन्हा आमच्याकडेच येतो.

ज्यांच्या घरात एखादी स्कूटर आहे त्यांनी हा मेसेज वाचून सोडून दिला तरी चालेल. आमच्याकडे तसे नाही. शाळेच्या प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना असतो, त्यात दर तिसऱ्या-चौथ्या नावापुढे 'ड्रायव्हर' लिहिलेले असते. कुणी पुण्यात कंपनीची कॅब चालवतो, कुणी भाजीचा टेम्पो रात्री वाशी मार्केटला नेतो, कुणी ट्रकवर असतो आणि महिन्यातून दोनदा घरी येतो. या घरांमध्ये दोन हजारांचे चलन म्हणजे मुलाची वह्या-पुस्तके किंवा किराण्याचा निम्मा बाजार. म्हणून मेसेज आला की संध्याकाळी दोघे-तिघे घरी येतातच. "सर, तुम्ही वाचता-लिहिता. खरं काय ते सांगा."

खरे काय ते आम्ही वाचून काढले. मेसेज खोटा निघतो, पण सगळाच खोटा नसतो. बहुतेक वेळा त्यात एक दाणा खरा असतो आणि तो दुसऱ्याच शेतातला असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटक सरकारने थकलेल्या वाहतूक दंडावर काही दिवस ५० टक्के सूट दिली होती. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२२ मध्ये, तेलंगणाने दुचाकींना ७५ टक्के सूट दिली होती. दोन्ही बातम्या खऱ्या. पण त्या सीमा ओलांडून आल्या, राज्याचे नाव वाटेत गळून पडले आणि आमचे लोक 'सूट मिळणार आहे, आता भरू नका' म्हणत थांबून राहिले.

दंडाच्या आकड्यांचेही तसेच. मोटार वाहन कायद्याची मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून देशात लागू झाली. महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड तेव्हा लगेच लावले नाहीत, ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. मधली दोन वर्षे दिल्ली-हरियाणातल्या पावत्यांचे फोटो आपल्याकडे फिरत होते आणि इथला माणूस भीत होता. ज्या दिवशी खरोखर भ्यायचे होते, त्या दिवसापर्यंत त्याची भीती मेली होती. नव्या नंबरप्लेटची मुदतही २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा पुढे गेली, ते सर्वांनी पाहिले आहे. मुदत पुढे ढकलली गेली की पुढच्या खऱ्या सूचनेचीही किंमत कमी होते. यात अफवा पसरवणाऱ्यांइतका सरकारचाही हात आहे, असे आमचे मत आहे.

सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची आधी तहकीक करण्याची ताकीद आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती ठाऊक असते, पण ती मोठ्या तंट्यापुरतीच आहे असे आपण धरून चालतो. मोबाइलवरच्या फॉरवर्डला ती लागू होते, हे कुणाच्या मनात येत नाही.

आता तहकीक करून हाती काय लागले ते सांगतो.

वेगमर्यादा मोडण्याचा गुन्हा कायद्याच्या कलम १८३ मध्ये आहे. मोटार, जीप अशा हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम आणि अवजड वाहनाला दोन ते चार हजार रुपये. वीस हजार कुठेही नाहीत. पण दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाला तर परवाना जप्त होऊ शकतो आणि ड्रायव्हरच्या घरासाठी ते वीस हजारांपेक्षा महाग आहे. याच कलमात एक गोष्ट वाहनचालकाच्या बाजूची आहे. कुणा एका साक्षीदाराने 'मला वाटते गाडी जोरात होती' एवढे म्हणून शिक्षा होत नाही, त्या म्हणण्याला यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार लागतो.

यंत्र म्हणजे काय? रस्त्याकडेच्या गाडीत बसून पोलीस वापरतात ती लेझर गन, किंवा रस्त्यावरच्या कमानीला लावलेला कॅमेरा, जो नंबरप्लेटही वाचतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशी कॅमेऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आहे. तिथे एका जागेचा वेग मोजतात, तसा दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजता येतो. तेव्हा 'एक तारखेपासून कडक' या वाक्यातली एक तारीख केव्हाच होऊन गेली. कॅमेऱ्याला सण नाही, सुट्टी नाही, महिनाअखेरही नाही.

पण कॅमेऱ्यालाही नियम आहेत आणि ते कुणी फॉरवर्ड करत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. त्यानुसार जिथे यंत्राने नजर ठेवली जाते, त्या टप्प्याच्या आधी ठळक सूचनाफलक असला पाहिजे. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवायची असते आणि प्रकरण मिटेपर्यंत फोटो जपून ठेवायचा असतो. चलन चुकीचे वाटले तर 'महाट्रॅफिक' ॲपवर फोटो पाहून तक्रार नोंदवता येते. आमच्या ओळखीच्या एका कॅबवाल्याला चलनाचा पत्ता आठ महिन्यांनी लागला, कारण गाडीच्या कागदावर पूर्वीच्या मालकाचा मोबाइल नंबर तसाच होता. गाडी जुनी घेतली असेल तर आधी तो नंबर बदलून घ्या. चलन बुडत नाही, साचत राहते.

मर्यादेचे आकडे किती, हे प्रत्येक जण वेगळे सांगतो आणि सगळे थोडेथोडे बरोबर असतात. केंद्राने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गावर मोटारीसाठी १२० ही कमाल मर्यादा ठरवली. पण राज्याला त्याहून कमी ठेवता येते. म्हणून समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० आणि मुंबई-पुणे मार्गावर १००, बोर घाटात तर ६०. अवजड वाहनांचे आकडे आणखी कमी. घाटाच्या मर्यादेवरून कुरबुर चालूच असते आणि आकडे बदलतही असतात, तेव्हा मेसेजमधला आकडा पाठ करण्यापेक्षा फलकावरचा वाचावा. समृद्धीचा रस्ता १५० च्या वेगाच्या हिशेबाने बांधला आहे, हे पुष्कळांना तोंडपाठ असते. पण तो रस्त्याच्या वळणांचा आणि चढउतारांचा हिशेब आहे, आपल्या गाडीच्या टायरचा नाही.

एक मेसेज मात्र मोहल्ल्याने हसण्यावारी नेला आणि तो अक्षरशः खरा होता. अठरा वर्षांखालील मुलगा गाडी चालवताना सापडला तर बापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. "इतकं कुठं असतं का?" असे एक चाचा म्हणाले. असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ तेच सांगते. ईदच्या दिवशी नववी-दहावीची पोरे तिघे-तिघे बसून बाइकवरून हायवेपर्यंत जातात, तेव्हा त्यांच्या हाती किल्ली कुणी दिली हे घरातल्या सर्वांना माहीत असते.

भीतीचे गिऱ्हाईक

अफवेने वातावरण तापले की त्यावर भाकरी भाजणारेही येतात. 'आपल्या वाहनाचे चलन थकले आहे, तपशील पाहा' असा मेसेज, खाली वाहतूक विभागाचे चिन्ह आणि सोबत 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल. ती फाइल उघडली की मोबाइलमध्ये एक ॲप बसते, ते बँकेचे ओटीपी वाचते आणि खाते रिकामे होते. आठवडाभर 'पोलीस कडक झाले' असे वाचत असलेला माणूस ती फाइल लगेच उघडतो, कारण चलनाची वाट तो पाहतच असतो. खरे चलन फाइल पाठवून येत नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' असा संपतो. तिथे आपण स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून पाहावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. उशीर जितका जास्त, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी. मोबाइल घरातल्या मुलांच्या हातात असतो, म्हणून ही गोष्ट मुलांनाही सांगून ठेवावी.

भीतीने वेग कमी होतो का? चार-पाच दिवस होतो. समोरून येणारे हेडलाइट मारून इशारा देतात, सगळे साळसूद होतात, पोलिसांची गाडी मागे पडली की पुन्हा काटा चढतो. काही जण कमान दिसली की कचकन ब्रेक दाबतात आणि मागचा ट्रक अंगावर येतो. काही जण नंबरप्लेटवर चिखल लावतात, फुलांचा हार सोडतात. तो वेगळा गुन्हा. या सगळ्या खटपटीत वेगाचा विचार कुणाच्याच डोक्यात नसतो, असतो तो फक्त कॅमेऱ्याचा.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही नववीच्या वर्गात पोलिसांचे नाव न काढता गणित दिले. शंभर किलोमीटर जायचे आहे. ८० च्या वेगाने ७५ मिनिटे लागतात, १०० च्या वेगाने ६०, १२० ने ५०, १४० ने सुमारे ४३. म्हणजे १२० वरून १४० वर जाऊन हाती काय आले? सात मिनिटे. एक मुलगी म्हणाली, "एवढा वेळ तर अब्बा चहाला थांबतात."

मग दुसरे गणित. रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक चांगले. समोर काही आले हे दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. त्या एका सेकंदात ८० च्या वेगाची गाडी २२ मीटर जाते, १०० ची २८, १२० ची ३३. त्यानंतर ब्रेक लागतो. सगळे मिळून गाडी पूर्ण थांबायला ८० च्या वेगात साधारण ५८ मीटर लागतात, १०० च्या वेगात ८४ आणि १२० च्या वेगात ११४. आकडे फळ्यावर लिहून मुलांच्या डोळ्यांत काही हलले नाही. तेव्हा टेप घेऊन मैदानात गेलो. ८० ची रेघ मैदानात बसली. १०० ची कुंपणाला टेकली. १२० ची रेघ मारायला फाटक उघडून बाहेर रस्त्यावर जावे लागले.

खरा धक्का पुढे होता. दोन गाड्या शेजारी शेजारी, एक १०० वर, एक १२० वर. दोघांनाही एकाच क्षणी समोर म्हैस दिसली. शंभरची गाडी जिथे जेमतेम थांबली, त्या जागी शेजारच्या गाडीचा वेग किती असेल? मुलांनी वीस सांगितले. उरलेल्या वीसच्या फरकाने त्यांना तसे वाटले. हिशेब केला तर उत्तर सुमारे ७३ येते. कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. आमच्या सांगण्यावर विश्वास न बसून दोन मुलांनी घरी पुन्हा गणित केले आणि ते वडिलांना दाखवले. त्यातले एक वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. म्हणाले, "सर, वीस वर्षं गाडी चालवतोय, हे कुणी सांगितलं नव्हतं."

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातल्या ७१.२ टक्के मृत्यूंमागे अतिवेगाची नोंद आहे. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४.

गाडीत न बसलेला ड्रायव्हर

ते वडील मात्र गणित मान्य करून थांबले नाहीत. त्यांनी मोबाइल पुढे केला. मालकाचे मेसेज होते. 'माल चारच्या आत मार्केटात पाहिजे.' 'कुठपर्यंत आलास?' 'उशीर झाला तर भाडे कापणार.' गाडी भरून निघाली तेव्हाच एक तास उशीर झालेला, आणि तो तास रस्त्यावर भरून काढायचा. चलन आले की ते पगारातून वजा. "वेग माझा नाही सर, पाय फक्त माझा," असे ते म्हणाले.

कडक पोलिसांच्या एकाही मेसेजमध्ये जे नसते ते इथे सांगायला हवे. कलम १८३ फक्त चालवणाऱ्याबद्दल बोलत नाही. आपल्या नोकरीत किंवा हाताखाली असलेल्या माणसाला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणाराही त्याच कलमाखाली गुन्हेगार आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. अमुक वेळेत प्रवास पूर्ण करा असा हुकूम कुणी दिला असेल, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तेवढ्या वेळेत पोहोचणे शक्य नाही असे न्यायालयाचे मत झाले, तर तो हुकूमच हुकूम देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. वेळापत्रक छापणाऱ्यालाही हेच लागू आहे. कायद्यात हे आहे. चलनाच्या पावतीवर मात्र मालकाच्या या मेसेजला जागा नसते. कॅमेरा गाडीचा फोटो काढतो, घाई कुणाची हे त्यात येत नाही.

आम्ही त्यांना ते कलम मराठीत सोपे करून एका कागदावर लिहून दिले आणि मालकाचे वेळेचे मेसेज पुसू नका असे सांगितले. उद्या काही झाले तर तेवढाच आधार. मालकाशी भांडायची त्यांची ऐपत नाही, हे आम्हालाही कळते. चालकांची संघटना असेल तिथे हा मुद्दा संघटनेने धरायला हवा. गाडी उशिरा भरली गेली तर पोहोचण्याची वेळही तेवढीच पुढे जावी, इतकी साधी मागणी आहे. आपल्या समाजात ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे मालकही पुष्कळ आहेत आणि हे मासिक त्यांच्याही घरी जाते.

आणि मालकाला बोलताना घराला मोकळे सोडता येत नाही. निकाह सकाळी अकराला, वऱ्हाड निघणार नऊला, रस्ता अडीच तासांचा. शेवटच्या बाईची तयारी होईपर्यंत साडेनऊ वाजतात. मग ड्रायव्हरच्या मागे बसून, "भाई, जरा दाबा ना, काझीसाहेब येऊन बसलेत." रमजानमध्ये मगरिबच्या आत घर गाठण्यासाठी हायवेवर जी धावपळ होते, ती आपण दरवर्षी पाहतो. दिवसभराचा रोजा, डोके हलके झालेले, मावळतीचे ऊन डोळ्यांवर, आणि घरून फोनवर फोन, 'कुठे पोहोचलात, अजान व्हायला दहा मिनिटे आहेत.' खजूर आणि पाण्याची बाटली गाडीत ठेवली तर इफ्तार कुठल्याही पेट्रोलपंपावर होतो. ज्या घरांत ड्रायव्हर आहेत तिथल्या बायकांना आम्ही पालकसभेत हेच सांगतो, की जेवण झाकून ठेवा, पण गाडीवर असलेल्या माणसाला फोन करून विचारू नका. फोन करायचाच असेल तर तो थांबल्यावर त्याने करावा. एका आईने यावर विचारले, "आणि त्याने केलाच नाही तर? जीव टांगणीला लागतो आमचा." तिचे म्हणणे खोटे नाही. आता त्या घरात असे ठरले आहे की निघताना एक, टोलनाक्याच्या पुढे चहाला थांबल्यावर एक आणि पोहोचल्यावर एक, असे तीन मेसेज बाप मुलीला करतो, आणि मधल्या वेळेत तिकडून फोन जात नाही.